संदर्भअण्णा

किलोच्या भावानं पुस्तकं विकणारं प्रदर्शन मंगल कार्यालयात लागलं, की पहिल्या दिवशी कादंबऱ्या जातात. दुसऱ्या दिवशी पाककृती, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आणि श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारी झाडून सगळी. तिसऱ्या दिवशी स्पर्धा परीक्षावाली पोरं येऊन कोश आणि नकाशे उचलतात. शेवटच्या दिवशी, मांडववाला खुर्च्या एकात एक घालायला लागलेला असताना, टेबलांवर तीनच ढीग उरतात : समाजसमीक्षा, वैद्यकीय संख्याशास्त्र आणि ख्रिस्ती नेतृत्व. जाड पुठ्ठ्याची, परदेशी विद्यापीठांची, आत एकही चित्र नसलेली पुस्तकं. ती परत ट्रकात चढवायला हमाली पडते, म्हणून विक्रेता भाव आणखी पाडतो. अशा वेळी दोन कापडी पिशव्या घेऊन जो माणूस दारातून आत शिरतो, तो कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत एक तरी असतोच. आमच्या पेठेतल्या माणसाला पोरं संदर्भअण्णा म्हणतात.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत असताना परिपत्रकातला मजकूर सोडून वर 'संदर्भ' म्हणून छापलेले क्रमांक आधी वाचायची सवय लागली, ती पेन्शनबरोबर घरी आली. टोपणनावाचं मूळ तेवढंच. पांढरा सदरा, खिशात दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल, काखेत पुस्तक. पुस्तक धरायची रीतही ठरलेली : नाव बाहेरच्या बाजूला, समोरच्याला वाचता यावं असं. बिंदू चौकातून मिरजकर तिकटीला जायला त्यांना पाऊण तास लागतो, कारण वाटेत कुणीतरी नाव वाचतं. नाही वाचलं तर अण्णा थांबतात.

हे तीन विषय त्यांनी निवडलेले नाहीत. पहिल्या दिवशी जायची सवय असती तर आज ते हेरकथांवरचे अधिकारी झाले असते. पण वर्षानुवर्षं त्याच तीन ढिगांतला माल घरात येत राहिला आणि अण्णांचं डोकं त्या मापानं घडत गेलं. आता कुठल्याही गोष्टीवर त्यांचे तीन प्रश्न ठरलेले आहेत. यात फायदा कुणाचा? नमुना किती जणांचा? आणि पाय कुणी धुतले? तिसरा प्रश्न नवख्याला कळत नाही, त्याच्याकडे येतोच.

वाचायची पद्धत सांगायला हवी. अण्णा पुस्तक शेवटाकडून उघडतात. मागची शब्दसूची काढायची, इंग्रजी 'के' अक्षरावर यायचं आणि कोहलबर्ग व कोरिया यांच्यामध्ये बोट ठेवायचं. तिथं कोल्हापूर असलं तर पहिल्या पानावर तांबड्या पेन्सिलीनं बरोबरची खूण. नसलं, आणि ते बहुधा नसतंच, तर अण्णा पुस्तक मिटतात, लेखकाची पदव्यांची यादी वाचतात आणि खेदानं म्हणतात, "हार्वर्डचा हाय. पण वाचन कमी पडलंय." सूचीत शाहू महाराज सापडले तर निम्मे गुण मिळतात. मिरज असेल तर शेजारधर्म म्हणून पास. नुसतीच मुंबई असेल तर ते पुस्तक खालच्या फळीवर जातं.

यावर हसण्यापूर्वी एक गोष्ट कबूल करावी लागेल. अण्णांचा राग अगदीच निराधार नाही. समाजसमीक्षेच्या ढिगातल्या एका जाडजूड ग्रंथात राखीव जागांचा इतिहास सरळ स्वतंत्र भारताच्या घटनेपासून सुरू केलेला त्यांना सापडला. अण्णांनी त्या रात्री जेवण उशिरा घेतलं. मग आखीव कागदावर प्रकाशकाला इंग्रजीत पत्र लिहिलं, सोबत वाचनालयातून काढून आणलेली झेरॉक्स जोडली : २६ जुलै १९०२, शाहू महाराजांच्या करवीर सरकारचा हुकूम, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी. "महाराज स्वतः तवा विलायतेला," अण्णा सांगतात, "आणि हितं गॅझेट निघालं. ह्या लोकांनी शंभर वर्षं काय करायला पाहिजे ते लिवलं. महाराजांनी बुक लिवलं न्हाई, हुकूम काढला. मग समाजसमीक्षक कोण?" हा प्रश्न मी बऱ्या बऱ्या प्राध्यापकांना विचारून पाहिला आहे. ते चहा मागवतात.

प्रकाशकाकडून दोन ओळींचं आभाराचं पत्र आलं आणि त्याबरोबर नव्या पुस्तकांची यादी, किमती पौंडांत. अण्णांनी ती यादी 'पत्रव्यवहार, परदेश' अशी फाइल करून तिच्यात लावली आहे. फाइलीत अजून तरी दुसरा कागद नाही.

समीक्षेच्या ढिगानं आणखी एक परिणाम केला. अण्णांना सगळीकडे सत्तासंबंध दिसायला लागले. महात्मा फुल्यांचं नाव घेतल्याशिवाय ते वाक्य पूर्ण करत नाहीत, ते ठीकच. 'गुलामगिरी' १८७३ ला निघाली आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केली आहे, हे ते पोस्टमनलाही सांगतात. पण पुढं ते इटलीचा मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी घेऊन मिसळीच्या दुकानात जातात. कटाचा वरचा तवंग कुणाच्या वाटीत पडतो, तळातला कुणाच्या, गल्ल्याजवळच्या टेबलाला फरसाण जास्त का, यावर त्यांनी एकदा पंधरा मिनिटं विवेचन केलं. वाढणारा पोरगा हातात परात घेऊन अदबीनं ऐकत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, "अण्णा, ब्रेड किती?"

आता संख्याशास्त्र. या विषयात अण्णांचा जीव रमतो, आणि माझ्या मते त्यांची खरी योग्यता इथंच आहे, कारण जुलै महिन्यात अख्खं कोल्हापूर संख्याशास्त्रज्ञ असतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट किती इंच, इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले, किती बंधारे पाण्याखाली गेले, हे इथं दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. अण्णा तर जुने पाटबंधारेवाले. त्यांच्याकडे आलेखाच्या कागदावर पंचगंगेची रेघ असते, दर पावसाळ्याची वेगळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा कागद वरून संपला. अण्णांनी डिंकानं वर दुसरा कागद चिकटवला. तो जोड अजून दाखवतात, आणि दाखवताना त्यांचा आवाज बदलतो. त्या दिवसांत त्यांची चेष्टा कुणी केली नाही. गल्लीत पाणी कुठवर येईल हे विचारायला लोक रात्रीचे त्यांच्याच दारात उभे होते.

पण बाकीचे अकरा महिने हा माणूस मोकळा असतो.

"बुध गावचे सुखात्मे," अण्णा सुरुवात करतात. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्हा. नमुना पाहणीवरचं त्यांचं पुस्तक जगभर वापरलं गेलं, पोषणाच्या आकडेवारीत त्यांनी मोठं काम केलं. सातारा म्हणजे कोल्हापूर नव्हे, पण सुखात्म्यांच्या बाबतीत अण्णा हद्द थोडी वर सरकवतात. त्यानंतर येतात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. १९४८ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या क्षयावरच्या परीक्षेचे निकाल छापून आले, तिची आखणी या गृहस्थांची. कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला फक्त अंथरुणात विश्रांती, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही. आधीच नशिबावर सोडून बंद पाकिटांत घालून ठेवायचं. औषधवाले ५५, बिनऔषधाचे ५२. सहा महिन्यांत पहिल्या गटात चार दगावले, दुसऱ्यात चौदा. "म्हणजे औषधाचा गुण कळला," अण्णा म्हणतात, "आणि वशिल्याचा दोष गेला." बंद पाकीट ही कल्पना त्यांना फारच आवडली. आवडली इथवर ठीक होतं.

तांबड्या रश्श्यानं रक्तदाब वाढतो का, हा प्रश्न त्यांनी रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींसमोर ठेवला. सगळी पन्नाशी-साठीची माणसं, निम्मी तालमीत घुमलेली, उरलेल्यांना तालमीत घुमल्याची आठवण असलेली. अण्णांनी प्रयोग समजावला. एक गट महिनाभर नेहमीसारखा जेवेल, दुसरा वरण-भात आणि उकडलेली भाजी. विज्ञानासाठी सगळ्यांनी माना हलवल्या. मुलीच्या लग्नाच्या उरलेल्या पाकिटांत अण्णांनी चिठ्ठ्या घातल्या आणि वाटल्या.

पाकिटं उघडली आणि विज्ञान संपलं. ज्यांना रस्सा आला ते गप्प राहिले. ज्यांना वरण आलं त्यांना तत्काळ संशोधनपद्धतीतल्या त्रुटी दिसू लागल्या. एकाचं पाकीट आधीच फोडलेलं होतं. एकाच्या घरी वरणाची डाळच आणत नाहीत. एकाला वैदूनं लहानपणी उकडलेलं खायला मनाई केली होती. तरी अण्णांनी रेटून नेलं. पण महिना धरला होता आषाढाचा, आणि कोल्हापुरात आषाढ म्हणजे आखाडाच्या पार्ट्या. श्रावण लागायच्या आत जेवढं होईल तेवढं करून घ्यायचं. वरण गटातले लोक पहिल्या आठवड्यातच रानोमाळ झाले. शेतावर, धाब्यावर, मेव्हण्याकडे. उलट रस्सा गटातल्यांना घरच्यांनी या प्रयोगानंच सावध केलं होतं. बिचारे जपून जेवत होते.

आता संख्याशास्त्राचा नियम असा की ज्याला ज्या गटात घातलं, तो त्याच गटात मोजायचा, मधे पळाला तरी. हा नियम खरा आहे आणि शहाणपणाचाही आहे. अण्णांनी तो प्राणपणानं पाळला. महिनाअखेरीला पुतण्याकडचं यंत्र आणून सगळ्यांचे रक्तदाब घेतले, सरासरी काढली, आणि निष्कर्ष वाचनालयाच्या फळ्याशेजारी उभं राहून जाहीर केला : कोल्हापुरात वरण प्रकृतीला मानवत नाही.

खाली तळटीप होती. 'गळती लक्षणीय.'

त्यांचे डॉक्टर वेगळेच भोगतात. गोळी लिहून दिली की अण्णा विचारतात, "ही किती जणांना दिल्यावर एकाला गुण येतो?" प्रश्न अस्सल आहे, वैद्यकाच्या पुस्तकात त्याला मान आहे. डॉक्टरांनी एकदा चष्मा काढून उत्तर दिलं, "अण्णा, बाहेर पन्नास जण बसलेत. तुम्ही उठलात की त्या सगळ्यांना गुण येईल."

खरं सांगायचं तर अण्णांच्या घरात संख्याशास्त्र सगळ्यात चांगलं कळलं ते त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वैनींना. त्यांची बारा बायकांची भिशी. चिठ्ठी काढताना दर महिन्याला कुरबूर : अमकीची चिठ्ठी जाडच होती, तमकीनं बोटानं चाचपून काढली. एका जाड पुस्तकाच्या मागं आकडेच आकडे छापलेली पानं होती, कसलाही क्रम नसलेली. अण्णांनी जेवताना त्यांचा उपयोग सांगितला होता. वैनींनी ऐकलं नाही असं अण्णांना वाटलं. पुढच्या महिन्यापासून ते पुस्तक भिशीला जाऊ लागलं. डोळे मिटायचे, पानावर बोट ठेवायचं, तिथून सरळ खाली जायचं, एक ते बारामधला जो आकडा पहिला येईल तिची भिशी. तेरा नंबर आला तर पुढं सरकायचं. कुरबूर बंद झाली. शेजारच्या दोन गल्ल्यांनी पुस्तक मागून नेलं. अण्णांच्या घरातलं एवढं वापरलं गेलेलं दुसरं पुस्तक नाही, आणि ते नेमकं त्यांना संध्याकाळी हवं असतं तेव्हा घरात नसतं.

ख्रिस्ती नेतृत्वाचा ढीग बराच काळ तसाच पडून होता. अण्णा वारकरी घरातले. पण सूची बघण्यात कसला धर्म आड येतो? एका दुपारी कोहलबर्ग आणि कोरिया यांच्यामध्ये बोट ठेवलं आणि तिथं कोल्हापूर निघालं. वैनी सांगतात, आधी त्यांना वाटलं झटका आला.

मजकूर असा. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच १८६३ मध्ये जन्मला. पुढं प्रिन्स्टनला शिकायला गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात या पोरानं पुढाकार घेतला आणि शिबिर उठेपर्यंत शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याला जायची तयारी लिहून दिली. त्यातून विद्यार्थ्यांची जी चळवळ उभी राहिली तिनं पुढं हजारो माणसं जगभर पाठवली. नेतृत्वावरच्या पुस्तकांत हे उदाहरण म्हणून येतं.

"अमेरिकेचा पुढारी कोल्हापूरच्या मातीतला!" अण्णांनी चौकात सांगितलं. पोरांनी हिशेब केला. एका उन्हाळ्यात शंभर जण? आपल्या मंडळाच्या शंभर पावत्या फाटेपर्यंत गणपती पाण्यात जातो. एक जण म्हणाला, पंचगंगेचं पाणी प्यालेला असणार, त्याशिवाय होत नाही. हे स्पष्टीकरण सर्वांना पटलं. अण्णा त्या रविवारी पुस्तक घेऊन शहरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चपर्यंत गेले, ही बातमी तिथल्या लोकांना द्यायला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. चर्चचंच नाव ते. त्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. कुणी तसं म्हणालं मात्र नाही, आणि म्हणून अण्णा त्या मंडळींना फार सुसंस्कृत मानतात.

तेव्हापासून तिसरा ढीग वरच्या फळीवर आला. त्यात अण्णांना सेवक-नेता सापडला : पुढाऱ्यानं आधी सेवक व्हावं. ग्रीनलीफ यांनी १९७० च्या सुमाराला हा विचार व्यवस्थापनाच्या भाषेत मांडला, पण मूळ जुनं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. अण्णांना ते चित्र इतकं भिडलं की मंडळाच्या अध्यक्षपदाची बैठक होती, तिथं उठून ते बोलले. "फलकावर फोटो लावतोय त्यो पुढारी न्हवं. पाय धुतोय त्यो पुढारी." टाळ्या पडल्या. बैठकीत टाळ्या पडल्या की अण्णांनी सावध व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी चौकात वीस फुटी डिजिटल फलक लागला. इच्छुक उमेदवार एका म्हाताऱ्याचे पाय धुतोय, परातीत गुलाबाच्या पाकळ्या, वर सोनेरी अक्षरांत 'सेवक'. खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस चेहरे. त्यांत अण्णा, गॉगल घातलेले. गॉगल कंप्युटरवर चढवलेला होता. अण्णांनी आधी आपला फोटो कसा आलाय ते पाहिलं, थोडं मागं सरून पुन्हा पाहिलं, आणि मग निषेध नोंदवला.

अलीकडे त्यांच्या मनात एक मोठी गोष्ट घोळते आहे, आणि ती मला चेष्टेवारी नेता येत नाही. हे तिन्ही ढीग वेगळे नाहीतच, असं ते म्हणतात. मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळा, महाराजांनी जातीजातींसाठी उभी केलेली वसतिगृहं आणि १९१७ चा सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा, आणि ५० किलोमीटरवर मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उघडलेलं मिशनचं रुग्णालय. समाज बदलायचा, माणूस मोजायचा, माणसाची सेवा करायची, हे सगळं याच पट्ट्यात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर चाललं होतं. परदेशी पुस्तकांनी त्याचे तीन विषय केले आणि किलोवाल्यानं तीन ढीग. ते पुन्हा एकत्र बांधणारा ग्रंथ पाहिजे, आणि तो कोल्हापुरात लिहिला पाहिजे.

अण्णांनी तो लिहायला घेतला आहे. नाव ठरलंय, आभार लिहून झालेत. त्यांत वैनींचा उल्लेख 'आकडेवारीच्या साहाय्याबद्दल' असा आहे. आणि सूची पूर्ण झाली आहे. बत्तीस पानं, अकारविल्हे, सुवाच्य अक्षरात. परदेशी विद्वानांचा सगळा अनुशेष त्यात भरून काढलाय. राधानगरी आहे, रंकाळा आहे, रस्सा (तांबडा) आणि रस्सा (पांढरा) वेगवेगळे आहेत, सुखात्मे आहेत, दोन्ही वायल्डर आहेत. हार्वर्डसमोर एकच पान दिलंय. 'क'मध्ये कोल्हापूर काढून पाहिलं तर पुढं पृष्ठ क्रमांक नाहीत. अण्णांनी तिथं 'सर्वत्र' असं लिहिलंय.

सूची कुणालाही पाहायला मिळते. संध्याकाळी पाचनंतर या, चहा वैनी करतात. फक्त ग्रंथ कधी येणार हे विचारू नका, आणि भिशीची तारीख असेल त्या दिवशी टाळा.